पाच ठिकाणचे कर्ज: आधी कोणाचे, किती आणि कोणत्या कायद्याने

सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, विट्याजवळच्या एका गावातील यंत्रमागधारकाने आपल्या घरच्या कर्जाचा तपशील पाठवून काही प्रश्न विचारले आहेत. घर तारण ठेवून नागरी सहकारी बँकेकडून घेतलेल्या कर्जाचे ९ लाख रुपये बाकी आहेत, त्याचा हप्ता ११,५०० रुपये आहे आणि तीन आठवड्यांपूर्वी बँकेची साठ दिवसांची नोटीस आली आहे. एका पतसंस्थेचे साडेतीन लाख थकले आहेत, हप्ता ७,५०० रुपये. त्याला जिल्हा परिषदेत शिक्षक असलेले मेहुणे आणि एक शेजारी जामीन आहेत, आणि सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खालील वसुलीच्या सुनावणीची नोटीस हाती पडली आहे. पत्नीच्या नावावर तीन मायक्रो फायनान्स कंपन्यांच्या गटांचे मिळून १ लाख ४० हजार रुपये आहेत, त्यांचे हप्ते महिन्याला ९,६०० रुपये. गावातील खासगी सावकाराकडून सव्वीस महिन्यांपूर्वी शेकडा पाच रुपये दराने २ लाख घेतले, त्यापोटी ३० गुंठ्यांचे खरेदीखत करून दिले, सही केलेले दोन कोरे चेक दिले आणि दरमहा १०,००० रुपये व्याज न चुकता भरले. मोबाइल ॲपवरून उचललेले ३८,००० वेगळेच. घरात सरासरी २४,००० रुपये येतात. त्यांचे प्रश्न असे: या सगळ्यातून एकदम मोकळे करणारा कायदा आहे का, कर्जमुक्तीचे प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणून २५,००० रुपये मागणाऱ्या एजंटाला ते द्यावेत का, आधी कोणाचे भागवावे, आणि मुलाच्या शैक्षणिक कर्जावर याचा परिणाम होईल का.

एजंटाचा प्रश्न सर्वांत सोपा असल्याने तो आधी संपवतो. बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे कर्ज माफ झाल्याचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार कोणत्याही खासगी व्यक्तीला नाही. अशी प्रमाणपत्रे देण्याच्या नावाखाली सेवाशुल्क उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ रोजी जाहीर इशारा दिलेला आहे. त्या पंचवीस हजारांत आपले बँकेचे दोन हप्ते भरून दोन हजार रुपये उरतात. एजंटाचा दुसरा सल्ला, म्हणजे सगळ्यांचेच हप्ते एकदम बंद करा, हा तर आपले घर लिलावात घालणारा आहे.

आता मूळ मुद्दा. कर्जाच्या गर्तेत सापडलेला माणूस बहुतेक वेळा जो मोठ्याने ओरडतो त्याचे पैसे आधी देतो. दारात येऊन बसणारा गटाचा वसुली कर्मचारी, रात्री फोन करणारा ॲपवाला आणि पारावर चारचौघांत अडवणारा सावकार यांना पैसे मिळत राहतात. बँकेची टपालाने आलेली नोटीस मात्र देव्हाऱ्याच्या फळीवर पडून राहते. कायद्याच्या दृष्टीने हा क्रम बरोबर उलटा आहे. कोणाच्या हातात कोणते हत्यार आहे, ते चालवायला त्याला न्यायालयात जावे लागते की नाही, आणि त्याचे घेणे मुळात कायदेशीर आहे का, या तीन कसोट्यांवर आपली पाचही देणी वेगवेगळी ठरतात. म्हणून सगळ्यांवर एकच औषध सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

सावकारापासून सुरुवात करतो, कारण आपल्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे असे माझे मत आहे. आपण पाठवलेल्या तारखा शेजारीशेजारी मांडल्या तर दिसते, की गटाचे दुसरे आणि तिसरे कर्ज ज्या महिन्यांत उचलले, त्याच महिन्यांत यंत्रमागाचे काम मंदावले होते आणि सावकाराचे दहा हजार मात्र बिनचूक गेले होते. म्हणजे गटाची ही कर्जे आपण प्रपंचासाठी काढली असे आपल्याला वाटत असले, तरी ती प्रत्यक्षात सावकाराच्या व्याजात गेली आहेत.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणे हा गुन्हा आहे, आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. परवाना असला तरी व्याजाला मर्यादा आहे: शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के; बिगरशेतकऱ्याला तारणी १५ आणि विनातारण १८ टक्के. आपण देत आहात ते वर्षाला ६० टक्के. शिवाय त्याच कायद्यात दामदुपटीचे तत्त्व आहे, म्हणजे व्याजापोटी मुद्दलाहून अधिक रक्कम सावकाराला वसूल करता येत नाही. आपण २ लाखांवर २ लाख ६० हजार व्याज भरून बसला आहात. हाच हिशेब कायद्यातील दराने मांडून पाहा. आपल्याला शेतकरी न मानता बिगरशेतकरी धरले, तरी १५ टक्के दराने दरमहा १०,००० रुपये भरणाऱ्याचे २ लाखांचे कर्ज व्याजासह चोविसाव्या महिन्यात संपते. शेतकरी म्हणून ९ टक्के धरले तर बाविसाव्या. आपण सव्विसावा हप्ता भरला आहे. मुद्दल अजून जसेच्या तसे उभे आहे, हे सावकाराचे म्हणणे कोणत्याही कायदेशीर हिशेबात बसत नाही.

राहिला प्रश्न खरेदीखताचा. आपल्या भागात हे सर्रास चालते: कर्ज द्यायचे, पण कागदावर गहाण न दाखवता थेट खूश खरेदी करून घ्यायची आणि पैसे फिटल्यावर उलटून देतो असे तोंडी सांगायचे. या चालीसाठीच सावकारी कायद्याचे कलम १८ आहे. सावकारीच्या ओघात कर्जाचे तारण म्हणून स्थावर मालमत्ता विक्री, बक्षीस, भाडेपट्टा अशा कोणत्याही नावाखाली सावकाराकडे गेली असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था हे जिल्हा निबंधक या नात्याने चौकशी करून तो दस्त अवैध ठरवू शकतात आणि जमीन परत देण्याचा आदेश काढू शकतात. त्याला मुदतीची मर्यादा आहे. आपले खरेदीखत सव्वादोन वर्षांच्या आतले असल्याने आपण त्या मर्यादेत आहात, मात्र म्हणून आणखी वर्षभर विचार करत बसू नये. अर्ज सांगलीच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात करावा आणि त्याची प्रत विट्याच्या सहायक निबंधकांकडे पोच घेऊन द्यावी.

या चौकशीत सगळा भर पुराव्यावर असतो. सावकार सांगेल, की मी जमीन विकत घेतली, कर्जाचा संबंध नाही. त्यावर उपयोगी पडतात त्या साध्या गोष्टी: खरेदीखतातील किंमत आणि त्या दिवशीचा शासकीय मूल्यांकनाचा दर यांतील तफावत, खरेदीनंतरही जमीन आपणच कसत असल्याचे पीकपाहणीतील नोंदीवरून दिसणे, खरेदीच्या आगेमागे बँक खात्यात जमा झालेले २ लाख, आणि त्यानंतर महिन्याच्या ठरावीक तारखेला गेलेले दहा हजार. आपण यातील काही हप्ते फोनवरून पाठवले आहेत, ते आपल्या पथ्यावर पडणारे आहे. त्या नोंदी बँकेकडून शिक्क्यानिशी घ्याव्यात. फोनवरील संदेश किंवा ध्वनिमुद्रण द्यायचे असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीबद्दलचे, प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ फोन जपून ठेवावा लागतो. त्याच गावात याच सावकाराने आणखी कोणाचे असेच खरेदीखत करून घेतले असेल, तर त्यांचे अर्ज सोबत आल्याने सावकारीचा ‘धंदा’ असल्याचे सिद्ध होणे सोपे जाते, कारण एखाद्या नातलगाने एकदा दिलेले हातउसने पैसे म्हणजे सावकारी नव्हे, असा बचाव नेहमी घेतला जातो. सातबारावर फेरफार अजून प्रमाणित झाला नसेल तर तलाठी कार्यालयात लेखी हरकत आजच नोंदवावी. झाला असेल तर जमीन तिसऱ्याला विकली जाऊ नये म्हणून निबंधकांकडील अर्जातच तशी मागणी करावी.

कोऱ्या चेकबद्दल खोटा दिलासा देणार नाही. सही करून दिलेला कोरा चेक नंतर समोरच्याने भरला म्हणून तो आपोआप निरर्थक होत नाही. देणे होते असे गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी चेक देणाऱ्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून चेकचे क्रमांक नमूद करून, ते कोणत्या व्यवहारात तारण म्हणून दिले होते हे निबंधकांकडील अर्जात आणि सावकाराला रजिस्टर टपालाने पाठवलेल्या पत्रात आत्ताच लिहून ठेवावे. चेक वटला नाही म्हणून नोटीस आली, तर पंधरा दिवसांच्या आत वकिलामार्फत सविस्तर उत्तर गेलेच पाहिजे. नोटीस न स्वीकारता परत पाठवल्याने काहीही साधत नाही.

इतिहासात थोडे डोकावल्याशिवाय राहवत नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या सावकारविरोधी दंग्यांनंतर इंग्रज सरकारने १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कर्जनिवारण कायदा केला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता, आणि आपला खानापूर तालुका त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होता. कागदावर काय लिहिले आहे तेवढ्यावर न थांबता व्यवहाराचा हिशेब मुळापासून तपासावा, हे न्यायालयाला सांगणारी तरतूद त्या कायद्यात होती. आजच्या कलम १८ मागचा विचार त्याच जातकुळीचा आहे.

आता बँक. आवाज सर्वांत कमी आणि हत्यार सर्वांत धारदार, असे हे कर्ज आहे. थकीत कर्जाचे तारण न्यायालयात न जाता ताब्यात घेऊन विकण्याची मुभा देणारा सरफेसी कायदा सहकारी बँकांना लागू होतो की नाही हा वाद बरीच वर्षे चालला. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी तो लागू होतो असा निर्णय दिला आणि विषय संपला. याचा अर्थ असा, की आपल्या घराचा ताबा आणि विक्री यांसाठी बँकेला दिवाणी दावा लावावा लागत नाही. कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस संपली की ती कलम १३(४) खाली ताब्याची कारवाई सुरू करू शकते आणि प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची मदत घेऊ शकते. आपल्या साठ दिवसांतील तीन आठवडे गेले आहेत. उरलेल्या काळात कलम १३(३अ) खाली लेखी हरकत द्यावी. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत बँकेला कारणांसह उत्तर देणे बंधनकारक आहे. त्या हरकतीत केवळ परिस्थिती हलाखीची आहे एवढे लिहून उपयोग नाही. खातेउतारा मागवून त्यात दंडव्याज मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावले आहे का ते पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दंड हा व्याजदरात भर घालून लावता येत नाही, स्वतंत्र दंडात्मक आकार म्हणूनच लावता येतो आणि त्यावर व्याज आकारता येत नाही. जुन्या कर्जखात्यांनाही हा नियम ३० जून २०२४ पर्यंत लागू करायचा होता.

ताब्याची कारवाई झालीच, तर पंचेचाळीस दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे कलम १७ चा अर्ज करता येतो. आपल्याला त्यासाठी पुणे गाठावे लागेल, आणि बँकेने कार्यपद्धतीत चूक केली असेल तरच तिथे काही हाती लागते, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. कर्जदारांचा आणखी एक गैरसमज असा, की लिलाव होईपर्यंत केव्हाही पैसे भरून घर सोडवता येते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहीर सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच तो हक्क राहतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे.

एकरकमी तडजोड हा बँकेशी बोलण्याचा खरा मार्ग आहे, मात्र तो हक्क म्हणून मागता येत नाही. उत्तर प्रदेशातील एका नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये तसे स्पष्ट म्हटले आहे. बँक तडजोडीला तयार होते ती समोर ठोस रक्कम आणि ती येण्याचा मार्ग दिसला तर. इथे आपली ३० गुंठे जमीन पुन्हा उपयोगी पडते. ती परत मिळाली आणि तुकडेबंदीच्या, म्हणजे जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरील बंदीच्या, मर्यादा पाहून विकता आली, तर त्या पैशातून घर वाचवता येईल. तोवर बँकेला दरमहा पूर्ण नाही तरी ठरावीक रक्कम भरत राहावे आणि प्रस्ताव लेखी द्यावा. तडजोड मंजूर झाल्यास मंजुरीपत्रात पूर्ण व अंतिम रक्कम, मुदत आणि मुदत चुकल्यास काय होईल हे तिन्ही लिहिलेले आहे का ते सही करण्याआधी वाचावे. कर्ज पूर्ण फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेच्या बाजूने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे.

पतसंस्थेचा मामला वेगळ्या कायद्याखाली येतो. पतसंस्था ही बँक नाही. तिला सरफेसी वापरता येत नाही आणि तिच्याविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येत नाही. मात्र तिच्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चे कलम १०१ आहे, आणि ते कमी समजू नये. निबंधक सुनावणी घेऊन वसुली दाखला देतात आणि त्यानंतर संस्थेचाच वसुली अधिकारी कलम १५६ आणि नियम १०७ खाली जप्ती व लिलाव करतो. कर्जदार सुनावणीला जात नाहीत, दाखला एकतर्फी निघतो, आणि मग ते वकिलाकडे येतात. तेव्हा कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करायचा तर वसूलपात्र रकमेच्या पन्नास टक्के आधी भरावे लागतात. आपल्या बाबतीत ते पावणेदोन लाख होतात. म्हणून जे बोलायचे ते सुनावणीतच: खातेउतारा मागणे, पोटनियमांपेक्षा जास्त दर किंवा दुहेरी दंड लावला असल्यास दाखवणे, भरलेल्या पण न दाखवलेल्या पावत्या हजर करणे, आणि हप्ते बांधून मागणे. संस्थेने शासनाची सामोपचार कर्ज परतफेड योजना स्वीकारलेली असेल तर त्याखाली अर्ज द्यावा, आणि संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत हातात आल्याशिवाय चेअरमनच्या तोंडी आश्वासनावर पैसे भरू नयेत.

मेहुण्यांबद्दल आपण एकच ओळ लिहिली आहे, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते; संस्थेने आधी कर्जदाराची मालमत्ता विकावी आणि मगच जामीनदाराकडे यावे, असा नियम नाही. अनियमित उत्पन्नाच्या यंत्रमागधारकापेक्षा शिक्षकाचा पगार संस्थेला सोपा वाटतो हे उघड आहे. पगाराला दिवाणी जप्तीत संरक्षण आहे ते एवढेच, की पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याच्या दोनतृतीयांश भागाला हात लावता येत नाही. मेहुण्यांनी भरलेली प्रत्येक रक्कम ते आपल्याकडून कायद्याने वसूल करू शकतात. त्यांना अंधारात ठेवू नका. सुनावणीला सोबत न्या. कर्जाचे नूतनीकरण करताना किंवा रक्कम वाढवताना त्यांची संमती घेतली नसेल, तर त्यांचा स्वतःचा बचाव उभा राहतो, आणि तो त्यांनी स्वतंत्रपणे मांडला पाहिजे.

गटांच्या कर्जाबाबत नियम बरेच स्पष्ट आहेत, मात्र गावात ते कोणी सांगत नाही. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज हे मायक्रो फायनान्स कर्ज आहे, आणि कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. आपले वार्षिक उत्पन्न २ लाख ८८ हजार. म्हणजे मर्यादा महिन्याला १२,०००. बँकेचा एकटा हप्ताच ११,५०० आहे. मग पत्नीला तिसरे कर्ज देताना कंपनीने कुटुंबाचे उत्पन्न आणि चालू हप्ते कसे तपासले, हे लेखी विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. याने कर्ज माफ होत नाही, हेही तितकेच खरे. मात्र हप्त्यांची पुनर्रचना मागताना आणि तक्रार करताना हाच मुद्दा वजनदार ठरतो.

वसुलीसाठी ठरलेल्या जागी यायचे असते. कर्जदार लागोपाठ दोनदा आला नाही तरच कर्मचारी घरी किंवा कामाच्या ठिकाणी येऊ शकतो. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन किंवा भेट चालत नाही. शिवीगाळ, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास, चारचौघांत नाव घेणे हे सगळे निषिद्ध आहे. दंड फक्त थकलेल्या हप्त्यावर लागतो, सगळ्या कर्जावर नाही. आपल्या पत्नीने लिहिले आहे, की हप्ता मिळेपर्यंत कर्मचारी ओट्यावर बसून राहतो आणि गटातील बायकाच तिला टोचून बोलतात. पहिल्या गोष्टीवर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तारीख, वेळ आणि कर्मचाऱ्याचे नाव देऊन लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. दुसऱ्या गोष्टीवर कायद्याचा इलाज तोकडा आहे. तिथे गटातील बायकांना बसवून हिशेब दाखवणे आणि दर आठवड्याला थोडे का होईना पण ठरलेले देत राहणे, हेच उपयोगी पडते. या कंपन्यांवर सावकारी कायदा मात्र लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०२२ रोजी दिला आहे.

ॲपबद्दल थोडक्यात. त्यामागे रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील बँक किंवा वित्त कंपनी आहे का ते रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील यादीत पाहावे. नसेल आणि फोनमधील नावांना संदेश पाठवण्याची किंवा फोटो बिघडवून पसरवण्याची धमकी येत असेल, तर १९३० वर सायबर तक्रार करावी. असेल, तर ते साधे विनातारण कर्ज आहे. धनकोला दावा लावावा लागेल, आणि त्याला सर्वांत शेवटी हप्ते बांधून द्यावेत. खात्यातून आपोआप हप्ता जाण्याची परवानगी दिलेली असेल, तर तो हप्ता शिल्लक नसल्याने परत गेल्यावरही चेकप्रमाणेच फौजदारी तक्रार होऊ शकते, म्हणून ती परवानगी तशीच ठेवून गप्प बसू नये.

एकदम मोकळे करणाऱ्या कायद्याचा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला होता. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी तिसरा भाग आहे, आणि अगदी गरीब कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूदही आहे. पण तिच्यासाठी वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत आणि पात्र कर्जे ३५,००० च्या आत हवीत, स्वतःचे घर नको, आणि मुख्य म्हणजे हा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरताच, १ डिसेंबर २०१९ पासून, अमलात आला आहे. त्यामुळे आपल्यासारख्याला आजही १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियमच लागू होतो आणि अर्ज सांगलीच्या जिल्हा न्यायालयात करावा लागतो. नादार ठरल्यावर आपली मालमत्ता न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या व्यवस्थापकाच्या, म्हणजे रिसीव्हरच्या, ताब्यात जाते, वेगवेगळ्या धनकोंचे स्वतंत्र दावे थांबतात, आणि पुढे न्यायालय आपली वर्तणूक पाहून देण्यातून मुक्तता देते किंवा नाकारते. हा मार्ग ज्याच्याकडे काहीच उरलेले नाही त्याला योग्य. आपल्याला मी तो सुचवत नाही, कारण तारण घेतलेली बँक नादारीने थांबत नाही, त्यामुळे घर वाचत नाही. मेहुणे जामीनदार म्हणून अडकलेलेच राहतात. आणि परत मिळू शकणारी जमीन रिसीव्हरकडे जाते. शिवाय मुक्तता मिळेपर्यंत नादार माणसाला स्थानिक संस्थेची निवडणूक लढवता येत नाही. आपल्या गावकीच्या राजकारणात ही गोष्ट अनेकांना घर जाण्याइतकीच बोचते.

चेक किंवा आपोआप जाणारा हप्ता परत गेल्यास होणारी फौजदारी तक्रार सोडली, तर केवळ देणे थकले म्हणून तुरुंगात जावे लागेल ही भीती मात्र मनातून काढून टाकावी. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला दिवाणी कैदेत ठेवताच येत नाही, आणि ऐपत नसल्यामुळे न फेडणाऱ्या पुरुषालाही ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच ठरवले आहे. ‘उद्या उचलून नेतो’ म्हणणाऱ्या वसुली एजंटाच्या बोलण्याला कायद्याचा आधार नाही. या धास्तीने घरात कोणाला जिवाचे बरेवाईट करून घ्यावेसे वाटत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते. कर्जाचे कागद त्यानंतर बघता येतील.

तेव्हा क्रम असा लावावा. सावकाराचे दहा हजार निबंधकांकडे अर्ज दाखल होताच थांबवावेत, आणि धमकी आली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. घरखर्च म्हणून आपण लिहिलेले ११,००० वजा जाता १३,००० उरतात. त्यातील निम्मे बँकेला, उरलेल्यातील मोठा भाग पतसंस्थेला आणि राहिलेले तिन्ही गटांना बाकीच्या प्रमाणात, असे वाटप मी सुचवीन, आणि हाच एकपानी हिशेब प्रत्येक धनकोला पाठवलेल्या पत्रासोबत जोडावा. वकिलाच्या खर्चाची काळजी नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे गटांच्या बाबतीतील अर्ज पत्नीच्या नावाने करावा. लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जावे, कारण तिथे हप्ते बांधून मिळतात. पण तिथला निवाडा हा हुकूमनामाच असतो आणि त्यावर अपील नसते, म्हणून झेपणार नाही असा हप्ता भिडेखातर कबूल करू नये.

मुलाच्या शैक्षणिक कर्जाचा प्रश्न उरला. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण पालक सहकर्जदार असतात, आणि तिथे आपली व पत्नीची थकबाकी आड येणार. तडजोडीने मिटवलेल्या बिगरशेती कर्जानंतर तीच बँक किमान बारा महिने नवे कर्ज देत नाही, हेही लक्षात घ्यावे. बारावीच्या निकालाला अजून दीड वर्ष आहे असे आपण लिहिले आहे. तेवढ्या काळात सहकर्जदार म्हणून मुलाच्या काकांचा किंवा आजोबांचा विचार होऊ शकतो का ते पाहावे, मात्र मेहुण्यांना पुन्हा गळ घालू नये. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल आपण आणि पत्नीने आत्ताच काढावा. गटाची फिटलेली जुनी कर्जे त्यात अजून चालू दिसत असतील तर दुरुस्तीची तक्रार करावी. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.